तुम्हाला कोण घाबरतं?

गेल्या रविवारी आमच्या घरी सगळ्यांची परीक्षा झाली. परीक्षक माझी नऊ वर्षांची भाची, हातात तिच्या आईचा मोबाइल. ‘मॉन्स्टर्स इंक.’ या चित्रपटातला कोणता राक्षस तुमच्या स्वभावाशी जुळतो, हे सांगणारी दहा प्रश्नांची चाचणी. आवडता रंग कोणता? सुट्टीत डोंगर की समुद्र? मित्र उशिरा आला तर काय करता? निकाल लागला. दाजी सली, आई सली, ताई माइक, मी सली. खलनायक रँडल कोणाच्याच वाट्याला आला नाही.

भाचीने मोबाइल खाली ठेवला आणि विचारलं, “मामा, मग वाईट राक्षस कोणाच्या घरी राहतात?”

पोरीने नेमकं बोट ठेवलं. चाचणी आपल्याला आपल्याबद्दलच विचारते आणि आपण स्वतःला चांगले गुण देऊन मोकळे होतो. आपण राक्षस आहोत की नाही, हे समोरच्याला विचारायचं असतं.

चित्रपट हेच सांगतो. पीट डॉक्टर यांनी तो २००१ साली पिक्सारसाठी केला. राक्षसांचं एक शहर आहे आणि तिथली वीज मुलांच्या किंकाळ्यांवर चालते. रात्री कपाटाच्या दारातून राक्षस मुलांच्या खोलीत शिरतात, घाबरवतात आणि किंकाळी टाकीत भरून आणतात. या कामात सली सगळ्यांत तरबेज. कारखान्याच्या फलकावर त्याचं नाव कायम वर. माणूस म्हणावा इतका सज्जन, मित्राला जपणारा, सगळ्यांशी हसून बोलणारा. ही चाचणी त्याने दिली असती, तर तोही सलीच निघाला असता. तरीही रोज रात्री मुलं त्याला बघून किंचाळत होती.

त्याला हे कळतं कधी? चुकून बाहेर आलेल्या बू नावाच्या चिमुरडीचा त्याला लळा लागलेला असतो. मालक वॉटरनूस त्याला नवशिक्यांसमोर प्रात्यक्षिक करायला लावतो. समोर पलंगावर मुलाचा पुतळा. सली डरकाळी फोडतो. बू तिथेच उभी असते. ती रडत सुटते. तो जवळ जायला बघतो, तर ती मागे सरकते. मग त्याची नजर वरच्या पडद्यांवर जाते. तिथे त्याचाच चेहरा गोठलेला असतो, जबडा वासलेला, दात बाहेर आलेले. इतकी वर्षं मुलांना जे दिसत होतं, ते त्याला त्या क्षणी पहिल्यांदा दिसतं.

सलीच्या अंगावर सुमारे २३ लाख केस आहेत आणि संगणकावर ते हलते करायला पिक्सारच्या लोकांनी जिवाचं रान केलं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्याच्या नजरेतला तो ओशाळलेपणा येतो. अख्ख्या चित्रपटाचा जीव तिथे आहे.

आता वॉटरनूसकडे बघा. तो ओरडत नाही, सलीला पोटच्या पोरासारखं वागवतो. कारखाना त्याच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आलेला. वीज कमी पडू लागली, धंदा बुडायची वेळ आली, तेव्हा हाच प्रेमळ म्हातारा मुलांना पळवून आणायला तयार होतो. असे वॉटरनूस आपण सगळ्यांनी पाहिलेत. “तुझ्या भल्यासाठीच सांगतोय,” असं ते खांद्यावर हात ठेवून सांगतात आणि समोरच्याची झोप उडवतात. कोणत्याही चाचणीत ते सापडत नाहीत, कारण सगळी उत्तरं ते शहाण्यासारखी देतात.

त्याच २००१ साली आणखी दोन राक्षस आले. श्रेकने अॅनिमेशनपटांसाठीचं पहिलंवहिलं ऑस्कर ‘मॉन्स्टर्स इंक.’च्या हातून नेलं. ओळख व्हायच्या आधीच लोक त्याला राक्षस म्हणून मोकळे होतात, म्हणून तो दलदलीत एकटा राहतो. दुसरा हायाओ मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’मधला नो-फेस, काळा अंगरखा आणि पांढरा मुखवटा घातलेला. चिहिरो नावाची मुलगी पावसात उभ्या असलेल्या या अबोल पाहुण्यासाठी दार उघडं ठेवते. ती काम करते त्या स्नानगृहात तो येतो. तिथे सगळे सोन्यासाठी हपापलेले, म्हणून तो सोनं वाटत सुटतो, फुगत जातो, नोकरांना गिळतो. चिहिरो मात्र त्याचं सोनं घेत नाही, त्याला बाहेर घेऊन जाते. एका शांत म्हातारीच्या घरी पोचल्यावर तोच नो-फेस खाली मान घालून सूत कातायला बसतो. राक्षस तोच, घर बदललं. जसं घर तसा राक्षस, हे प्रत्येक उंबऱ्यावर कोरून ठेवावं असं वाक्य आहे.

आपल्या घरांतही किंकाळ्यांवर वीज चालते. घास संपव, नाहीतर बागुलबुवा येईल. झोप, नाहीतर पोलीस पकडून नेतील. मार्क कमी आले, तर बाबांना सांगेन. काम चटकन होतं, म्हणून आपण भीतीची टाकी भरत राहतो. पुढे तेच पोर कचेरीत साहेबाला घाबरतं आणि घरी येऊन लहानग्यावर ओरडतं. चित्रपटातल्या राक्षसांना शेवटी शोध लागतो, की मुलांच्या हसण्यातून दहापट वीज मिळते. सगळा कारखाना तिकडे वळतो. पण तो वळला, कारण एकाला आधी स्वतःचा चेहरा दिसला. आपली डरकाळी बघायची तयारी नसलेल्याला हसवणं जमत नाही.

मी भाचीला विचारलं, “तू घरात कोणाला घाबरतेस?” तिने पदराआड लपावं तशी उशी पुढे धरली. बराच वेळ गेला. मग म्हणाली, “बाबांना. गणिताची वही मागतात तेव्हा. वही मागायच्या आधी ते चष्मा काढून ठेवतात ना, तेव्हापासूनच.” दाजींचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच थांबला. चष्मा काढायची सवय त्यांच्या लक्षातही नव्हती. पोरीला मात्र ती पाठ होती. ते उठून तिच्याजवळ जमिनीवर बसले. त्या संध्याकाळी वही उघडली, पण चष्मा डोळ्यांवरच राहिला.

दहा प्रश्नांची गरज नाही, एक पुरे. घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला विचारा, “तुला माझी भीती कधी वाटते?” आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.