खोल पाण्यातली खरेदी

निवृत्त झालेल्या बाईने ग्रॅच्युइटीच्या पैशांचं काय करावं, याबद्दल महाराष्ट्रात एकमत आहे. पाटल्या कराव्यात, चारधाम करावं, मुलाच्या फ्लॅटला हातभार लावावा आणि त्यातूनही काही उरलंच तर ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत टाकावं. उभी हयात बँकेत गेल्यामुळे हे सल्ले मी स्वतःच काउंटरपलीकडच्या बायकांना दिलेले आहेत. त्यामुळे “मला डायव्हर घड्याळ घ्यायचंय” असं जेवताना जाहीर केलं तेव्हा आमच्या ह्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, “कुणासाठी?”

“माझ्यासाठी.”

“अगं, तुला पोहता येतं ते पालिकेच्या तलावात. तेही उथळ बाजूला.”

हे खरं होतं, पण गैरलागू होतं. पाण्याखाली वापरायची महागडी घड्याळं जे घेतात, त्यांतल्या बहुतेकांचा खोल पाण्याशी संबंध आंघोळीपुरता असतो, आणि आंघोळीआधीही ते घड्याळ काढून ठेवतात.

मुळात ही घड्याळं कामाची होती. 1953 साली स्वित्झर्लंडच्या ब्लांपाँ कंपनीने ‘फिफ्टी फॅदम्स’ काढलं. पन्नास वाव, म्हणजे साधारण 91 मीटर. कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिएश्टर स्वतः बुड्या मारायचे. एकदा पाण्याखाली त्यांचं वेळेचं भान सुटलं, हवा संपत आली आणि ते कसेबसे वर आले. दुसरा कुणी असता तर पुन्हा पाण्यात गेला नसता. हे घड्याळवाले असल्यामुळे त्यांनी घड्याळ केलं. त्याच सुमाराला फ्रान्सच्या पाण्याखाली लढणाऱ्या सैनिकांच्या तुकडीचा प्रमुख बॉब मालुबिएही घड्याळ शोधत होता: काळी तबकडी, ठसठशीत आकडे, अंधारात चमकणारे काटे आणि भोवती फिरणारं कडं. त्याच वर्षी रोलेक्सचं सबमरिनरही आलं. आजतागायत या जातीचं बहुतेक प्रत्येक घड्याळ या दोघांच्या तोंडवळ्यावर गेलेलं आहे.

त्या कड्याची युक्ती मला फार आवडते. पाण्यात उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्याशी जुळवायची. किती वेळ गेला ते कडंच सांगतं. पुढे त्यात सुधारणा झाली आणि कडं फक्त उलट दिशेने फिरू लागलं. धक्का लागून ते सरकलं तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी कधीच दिसत नाही. माणूस घाबरून लवकर वर येतो, आणि जगतो. यंत्राने चुकायचंच असेल तर कुठल्या बाजूला चुकावं, हे आधी ठरवून ठेवणारा माणूस मला आमच्या ऑडिट खात्यात हवा होता.

पण आकड्यांच्या नादाला लागलात की या घड्याळांनी तुमचा ताबा घेतलाच म्हणून समजा. साध्या घड्याळावर ‘30 मीटर’ लिहिलेलं असतं. त्याचा व्यवहारातला अर्थ हात धुताना काढलं नाही तरी चालेल, इतकाच. डायव्हर म्हणवून घ्यायला आयएसओ 6425 नावाचं मानक आहे. त्यात किमान 100 मीटर लागतात, लिहिलेल्या खोलीपेक्षा पाव पट जास्त दाबाखाली चाचणी होते, आणि अंधारात 25 सेंटिमीटरवरून वेळ वाचता यावी लागते. मला चष्म्याशिवाय उजेडातही येत नाही, पण मानक माझ्यासाठी नाही, घड्याळासाठी आहे.

मग लागते चढाओढ. दोनशे मीटर, तीनशे, सहाशे, बाराशे. 2014 साली अहमद गाब्र नावाचा इजिप्शियन पाणबुड्या पाठीवर नळकांडी लावून तांबड्या समुद्रात 332 मीटर खाली गेला. जायला लागली जेमतेम पंधरा मिनिटं. वर यायला तेरा तासांहून जास्त, कारण घाईने वर आलं तर रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात. मे महिन्यात मुंबई-गोवा महामार्गाने गावी गेलेल्याला या हिशेबाचं नवल वाटणार नाही. मुद्दा असा की हाडामांसाचा माणूस तिथवर जाऊन अर्धमेला होतो, आणि दुकानात हजार मीटरचं घड्याळ पाहून गिऱ्हाईक विचारतं, “याहून खोलवालं आहे का?”

काहींना तर हेलियमची झडपही असते. खोल समुद्रात दिवसचे दिवस दाबाखालच्या कोठडीत राहून काम करणारे पाणबुडे असतात. आपल्या मुंबई हायच्या तेलविहिरींवरही असतात. ते हेलियम मिसळलेली हवा घेतात. तो वायू इतका बारीक की घड्याळातही शिरतो, आणि दाब उतरवताना काच उडवून बाहेर पडतो. म्हणून झडप. मी हे ह्यांना सविस्तर सांगितलं. ते म्हणाले, “आपल्या कुकरला आहे तीच.” इंजिनीअर माणसाशी संसार केला की असं होतं.

आता दुकानात जाणं आलं. एका झगमगीत दालनात शिरले. दालनाचं नाव घेत नाही. समोरच्या मुलाने इंग्रजीत अदबीने विचारलं, “मॅडम, सरांसाठी का?” मी माझं मनगट पुढे केलं. त्याने लगेच हिऱ्यांची कड असलेलं, शिंपल्याच्या तबकडीचं, चवलीएवढं एक घड्याळ मखमलीवर ठेवलं. मी म्हटलं, हे नको, ते काळं, तीनशे मीटरचं. तो गोंधळून आतल्या माणसाला मराठीत म्हणाला, “अरे, ह्यांना जेंट्सचं पाहिजे.” मी मराठीत उत्तर दिलं. इंग्रजीत मी मॅडम होते. मराठीत आल्याबरोबर काकू झाले. पण त्यानंतर तो खरं बोलायला लागला. काचेतलं जे घड्याळ मी बोटाने दाखवत होते ते फक्त बघण्यासाठी होतं. विकत हवं असेल तर नाव नोंदवायचं. किती दिवस? सांगता येत नाही. पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला “कळवतो” म्हणण्याची ही ताकद आमच्या बँकेकडे कर्ज देतानाही नव्हती.

तरी मी बाकीची मनगटावर चढवून पाहिली. सबमरिनर सुंदर आहे, त्यात वादच नाही. त्याला नाव ठेवायला जागा नाही, हीच त्याची अडचण. शिवाय ते घालून साडेआठच्या लोकलमध्ये चढायचं म्हणजे सोबत पोलीस हवा. पंचेचाळीस मिलिमीटरचं फिफ्टी फॅदम्स माझ्या मनगटाच्या दोन्ही काठांवरून खाली डोकावत होतं. ओमेगाच्या सीमास्टरला ती झडप दहाच्या आकड्याजवळ फोडासारखी आलेली. 1995 पासून जेम्स बाँड तेच घालतो, पण त्याला निदान कधीतरी पाण्यात ढकलतात. ट्युडरचं ब्लॅक बे मापात, किमतीत, वागण्यात सगळ्यांत शहाणं. मी ते हातातून काढलं आणि पाच मिनिटांत विसरले.

आणि मग एके रात्री भाचीने फोनवर एक चित्र पाठवलं. मावशी, हे बघ.

डॉक्सा. ल लोक्ल गावात 1889 साली सुरू झालेली कंपनी. 1967 मध्ये त्यांनी ‘सब 300’ काढलं आणि तबकडी केली चक्क शेंदरी. मारुतीच्या मूर्तीला असतो तो रंग. काळ्या तबकड्यांच्या जमान्यात हे धाडस, कारण म्हणे पाण्याखाली तो रंग उठून दिसतो. कड्यावर आकड्यांच्या दोन रांगा, मिनिटांची आणि खोलीची, अमेरिकन नौदलाच्या कोष्टकाप्रमाणे: 60 फुटांवर 60 मिनिटं, 100 फुटांवर 25 मिनिटं, तेवढ्यात परतलात तर वाटेत न थांबता वर येता येतं. अख्खं कोष्टक मनगटावर. अमेरिकेत हे घड्याळ विकायची फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तो यांच्याशी संबंधित ‘यू. एस. डायव्हर्स’ ही कंपनी. पट्ट्याच्या कड्या तांदळाच्या दाण्यांएवढ्या. रुंदी साडेबेचाळीस मिलिमीटर, पण वरखाली इतकं आखूड की लहान मनगटावर नीट बसतं. दिसायला जाडजूड, ठेंगणं, थोडं हट्टी. मी चित्र मोठं करून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, मग ह्यांना झोपेतून उठवलं.

“हे?” ते म्हणाले. “हे तर वाढदिवसाला मिठाईवाल्याने फुकट दिल्यासारखं दिसतंय.”

खरं तर प्रश्न तिथेच मिटला होता. पण मी बँकेतली. वरून फोन आलेल्या कर्जाची फाइल जशी आम्ही मंजुरीनंतर शांतपणे उभी करायचो, तशी मी पुढचा महिनाभर कागदपत्रं जमवत बसले: यंत्र कोणतं, काच कसली, पोलाद कोणत्या प्रतीचं, दुरुस्ती कुठे होते. आवडती वस्तू ओळखायची माझी कसोटी तेव्हाच ठरली. जिचे गुण आपण मोजतो ती चांगली वस्तू. जिच्या दोषांवरून आपण नवऱ्याशी भांडतो ती आपली.

दोष होतेच. मधे मालवणला गेलो होतो तेव्हा तारकर्लीच्या किनाऱ्यावर, लोकांना पाण्याखालचे मासे दाखवून आणणाऱ्या एका मुलाला मी मुद्दाम चित्र दाखवलं. तो म्हणाला, “काकी, रंग बरो आसा. पण खाली गेल्यार ह्यो शेंदरी दिसाचो नाय, मातकट दिसतलो.” पाणी आधी लाल रंग गिळतं, मग शेंदरी, हे नंतर मी पुस्तकात वाचलं, त्याला ते रोजच्या कामातून ठाऊक होतं. त्याच्या स्वतःच्या मनगटावर काळा, रबरी, जाडा ठोकळा. काँप्युटर. खोली, वेळ, वर यायचा वेग, सगळं तोच सांगतो. 1983 साली ऑर्का कंपनीचा ‘एज’ आला आणि काट्यांच्या घड्याळांची समुद्रातली नोकरी हळूहळू संपली. म्हणजे मी ज्याच्या प्रेमात पडले होते ते घड्याळही निवृत्तच होतं. अंगात सगळी कौशल्यं शाबूत, पण बोलावणं नाही. यानंतर तर मला ते हवंच झालं.

तसं समुद्राशी संबंध नसलेली समुद्री घड्याळं आपल्याकडे नवी नाहीत. फाव्र-ल्यूबाने मुंबईत कैक पिढ्या धंदा केला. ‘सी किंग’, ‘सी चीफ’ ही त्यांची घड्याळं घरोघर होती. याच कंपनीने 1968 मध्ये ‘बॅथी’ नावाचं खोली मोजणारं घड्याळ काढलं, कुठलाही सेल नसलेलं, निव्वळ यंत्रावर चालणारं. आमचे मामा ‘सी चीफ’ लावून आटपाडीला मास्तरकी करायचे. तिथे पावसाळ्यातही विहिरीत घागर बुडेल एवढं पाणी नसे.

घड्याळ भाचीने स्वित्झर्लंडहून येताना आणलं. रीतसर लाल मार्गाने, कारण मावशी पावती मागणार हे तिला माहीत होतं. तपासणाऱ्या साहेबांनी पावती पाहिली, घड्याळ पाहिलं, पुन्हा पावती पाहिली. लोक किंमत कमी दाखवतात याची त्यांना सवय होती. हिने वाढवून दाखवली असावी असा संशय त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता, असं ती सांगते.

आता ते रोज हातात असतं. कडं मी सोसायटीच्या सभेत लावते. सेक्रेटरी ‘दोनच मिनिटं’ म्हणून उभे राहिले की खूण जुळवायची. गेल्या सभेत ते पाण्याच्या टाकीवर जेवढा वेळ बोलले, तेवढ्यात 100 फुटांवरचा पाणबुड्या केव्हाच संपला असता. आजवर एकाही माणसाने घड्याळ ओळखलेलं नाही. भाजीवाला म्हणाला, छान आहे, नातवाचं का? पैसे घालून इतकी कमी प्रतिष्ठा मिळवणं सोपं नसतं.

आणि विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारात हवालदाराने मला अडवलं.

“काकू, ते घड्याळ काढून ठेवा.”

“का?”

“चिन्ह आहे ना.”

“अहो, घड्याळ तुमच्याही हातात आहे.”

त्याने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. क्षणभर विचार केला. “माझं काळं आहे. तुमचं भगवं. म्हणजे चिन्ह एकाचं, रंग दुसऱ्याचा. अख्खी युतीच झाली की.”

मागे रांगेत हसू फुटलं. कोणीतरी म्हणालं, काकूंना वाटपातलं मिळालंय, आम्हाला नाही मिळालं. मला राहवलं नाही. मी ताठ उभी राहून म्हणाले, “हे पाणबुड्यांचं घड्याळ आहे. तीनशे मीटरपर्यंत चालतं.”

“चालत असेल,” तो शांतपणे म्हणाला. “पण इथे शंभर मीटरच्या आत चालत नाही.”

शेवटी ह्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या मनगटावर गुंडाळला आणि गाठ मारायला घेतली. हवालदार बघत होता. त्याने आवाज खाली आणून विचारलं, “काकू, केवढ्याला घेतलं?”

मी खरी किंमत सांगितली.

“मग दोन गाठी मारा,” तो ह्यांना म्हणाला.