अस्सल कोकणी कौल

जुनं घर विकत घेण्यातला निम्मा आनंद ते घेतल्याचं चारचौघांत सांगण्यात असतो. उरलेला निम्मा अजून माझ्या हाती यायचा आहे. मालवण तालुक्यातलं ते पडकं घर नावावर होण्याआधीच मी पुण्यात लग्नकार्यांत, बँकेच्या रांगेत आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीत त्याचं वर्णन करून मोकळा झालो होतो. "चिऱ्याच्या भिंती, फणसाचे खांब," एवढं म्हणून मी थांबायचो. समोरून 'वा' आलं की आवाज खाली आणून पुढचं सोडायचो, "आणि कुठे एक खिळा नाही." खिळे होते. पण 'वा'नंतर माणूस वाहवतो.

घराबरोबर वाडी होती आणि वाडी सातबारावर. 1948च्या कूळकायद्याचं कलम 63 म्हणतं, शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी हवा. गॅलरीतली तुळस ज्याच्या हातून दरसाल वाळते, त्या माणसाला आता शेतकरी असल्याचं सिद्ध करायचं होतं. सुदैवाने आजोबांच्या खडकाळ रानाच्या उताऱ्यावर चुलतभावांच्या गर्दीत माझं नाव सापडलं. तेव्हापासून मृग लागला की मी सोसायटीच्या गेटपाशी उभा राहून आभाळाकडे काळजीने बघतो. मग हिस्सेदारांच्या सह्या. ते डोंबिवली ते विरार पसरलेले. घराची दिशाही न आठवणाऱ्या प्रत्येकाला वाडीतलं एकेक झाड मात्र नेमकं आठवत होतं. सही करताना प्रत्येकाने 'तेवढा तो फणस आमच्याकडे' असं तोंडी ठरवून घेतलं. सातबारावर माझं नाव लागलं तेव्हा वाडीत माझ्या वाट्याला सावली उरली होती.

आता कौलं. हा विषय निघाला की आमच्या घरातले लोक उठून जातात. वाचकांनीही हवं तर चहा टाकून यावा. छपरावरून उतरवलेलं एक कौल मी सहज उलटं केलं, तर पाठीवर इंग्रजी अक्षरांत 'बासेल मिशन टाइल वर्क्स' आणि खाली 1865! हात थरथरले. आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून ते मांडीवर घेऊन मी पुण्याला आणलं, शोकेसमधल्या करंडकांची अडगळ हलवून तिथे मांडलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागलो, "दीडशे वर्षांचं आहे. अस्सल कोकणी." एका रविवारी एक आर्किटेक्ट बाई आल्या. त्यांनी बिस्कीट बुडवता बुडवता सांगितलं की 1865 हे मंगळूरचा कारखाना निघाल्याचं साल. कारखाना ते पुढेही कित्येक वर्षं कौलांवर छापत होता. फरसाणाच्या पुडीवरचं 'स्थापना' वाचून आतली शेव तितकी जुनी समजावी, तसं माझं झालं होतं.

दुखावलेला माणूस वाचायला लागतो. कळलं ते असं, की एकमेकांत अडकणाऱ्या या कौलाच्या घडणीचं मूळ फ्रान्समधल्या अल्सासच्या गिलार्दोनी बंधूंकडे जातं. त्यांनी 1841मध्ये तसलं पेटंट घेतलं. मंगळूरला कारखाना काढला तो स्वित्झर्लंडच्या बासेल गावच्या मिशनऱ्यांनी. ख्रिस्ती झाल्यामुळे जातीबाहेर पडलेल्यांना काम मिळावं, हा एक हेतू. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी या मिशनचे कारखाने ताब्यात घेतले. म्हणजे घडण फ्रेंच, मालक स्विस, माती नेत्रावतीकाठची, आणि अभिमान माझा. त्याआधी इथे कुंभाराचे नळे नाहीतर गवताचं छप्पर. "अस्सलच हवं तर गवत घाला," बायको म्हणाली आणि उठून गेली.

माकडांना यातलं काही ठाऊक नसतं. ती सर्व सालांची कौलं समभावाने फोडतात. फुटलेल्याच्या जागी दुसऱ्या कारखान्याचं कौल नीट बसत नाही, खाचा जुळत नाहीत. म्हणून कुठे जुनं घर पाडतायत कळलं की मी तिथे हजर. लोक माझ्याकडे गिधाडाकडे बघावं तसं बघतात.

मेस्त्री पहिल्या दिवशीच म्हणाला होता, "भाऊनू, पाडून नवा बांधलास तर स्वस्त पडात." त्याला मी सिमेंटच्या गिलाव्याने चिऱ्यात ओल कशी कोंडते, चुनाच का हवा, हे समजावलं. तेच भाषण मी घर विकणाऱ्या काकींनाही ऐकवलं. त्या माझ्याच पैशांनी शेजारी स्लॅबचं घर बांधत होत्या. सारवलेल्या जमिनीचं माहात्म्य सांगून झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "शेणाचो वास तुमका चार दिस बरो लागता. माझी ढोपरा गेली ह्या घर सारवताना."

मला उत्तर सुचलं नाही. दर पावसाळ्याआधी कौलं चाळून घ्यायची, पडवीला चुडतांची झापं बांधायची, सणावाराला माजघर सारवायचं, वाळवीची माती खरवडायची. नवरा मुंबईत, त्यामुळे हे सगळं एकटीने. मासिकांत अशा घरांचे फोटो येतात तेव्हा ओटीवर पितळी समई असते, झोपाळा असतो. ढोपरं नसतात. मी ज्याला वास्तूचं सौंदर्य म्हणत होतो ती एका बाईची चाळीस वर्षांची बिनपगारी नोकरी होती, आणि ती सोडल्याबद्दल मी तिला व्याख्यान देत होतो. माझं घर आता सारवायला एक बाई येते. तिला मी पैसे देतो, आणि तिच्या ढोपरांकडे बघायचं टाळतो.

काकींच्या स्लॅबचं काम परवा संपलं. मुलगा माझ्याकडे आला. पुढच्या पडवीवर 'लूक' म्हणून जुनी कौलं लावायची आहेत, थोडी मिळतील का? मी गोळा केलेल्या ढिगातली हवी तेवढी दिली, पैसे घेतले नाहीत, वर माझा टेम्पोही दिला. शोकेसमधलं ते एक तेवढं दिलं नाही. शनिवारी पाहुणे यायचे आहेत, आणि त्यांच्यात आर्किटेक्ट कोणी नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.