पायउतार

गॅसचा सिलिंडर दारात ठेवणाऱ्या माणसाला मी "आत मी नेतो" म्हणालो, त्यामागे परोपकार नव्हता. मागे बायको उभी होती.

घरगुती सिलिंडरवर 14.2 किलो लिहिलेलं असतं, ते फक्त आतल्या गॅसचं वजन. लोखंडी टाकीचं जवळपास तेवढंच आणखी. ही माहिती मला गुडघे ताठ ठेवून, कमरेत वाकून, हात लांब करून तो उचलताना मिळाली. आत कुठेतरी कट्ट वाजलं आणि मी आहे त्याच आकारात थांबलो.

"उसण भरली," सासूबाईंनी बसल्या जागेवरून निदान केलं.

आपल्याकडे ताप ज्याचा त्याचा असतो, कंबर मात्र सार्वजनिक. संध्याकाळपर्यंत निम्म्या इमारतीने माझी कंबर दाबून पाहिली. एक म्हणाले गादी सरकली, दुसरे म्हणाले मणक्यात गॅप. खालच्या मजल्यावरच्या नानांनी स्वतःचा पट्टा आणून दिला. तो माझ्या पोटापाशीच संपला. तव्यावर भाजलेल्या मिठाची पुरचुंडी, निर्गुडीचा पाला आणि महानारायण तेल एकाच दिवशी लागल्यावर मला मुरत घातलेल्या लोणच्यासारखा वास येऊ लागला. तक्रार नव्हती. चहा अंथरुणात, पेपर अंथरुणात, आणि भाजी आणायला दुसरं कुणीतरी. संपूर्ण विश्रांती हा उपचार मला फार मानवला.

मग पायाळू आला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने लाथ मारली की उसण जाते, हे आपल्याकडचं जुनं शास्त्र. सासूबाईंनी चौकशी केली तेव्हा सबंध इमारतीत एकच पायाळू निघाला: तिसऱ्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा. माझ्या गाडीच्या काचेवर आपटलेले त्याचे सगळे चेंडू माझ्याकडे जप्त होते.

"आधी काकांच्या पाया पड," त्याच्या आजीने सांगितलं. तो पडला.

"हं, आता मार."

"किती जोरात, आजी?"

"शास्त्रापुरतं."

मुलाने दोन पावलं मागे जाऊन स्टार्ट घेतला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्याच्या शास्त्रात चेंडूंचं व्याजही धरलेलं होतं.

पण कंबर खरंच हलकी झाली! मुलाला चॉकलेट मिळालं, आजीला मान मिळाला. दुखणं आता कमरेत नव्हतं, कुल्ल्यात होतं. मग मांडीच्या मागे गेलं, मग पोटरीत. "उतरतंय," सासूबाई म्हणाल्या, "अंगठ्यातून निघून जाईल." मलाही ते पटलं. घोट्यापर्यंत आलं तेव्हा मी मित्रांना फोन करून सांगितलं, की आता वीतभरच राहिलंय. पोटरीत मुंग्या येत होत्या, करंगळीकडची कड बधिर वाटत होती, आणि शिंक आली की कुल्ल्यापासून टाचेपर्यंत करंट जात होता. तो मी दुखण्याचा शेवटचा तडाखा समजत होतो.

शेवटी बायकोने गाडीत घातलं. डॉक्टरीणबाईंनी "कुठे दुखतं?" विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "कुठपर्यंत जातं?" इतक्या तज्ज्ञांपैकी हे कुणालाच सुचलं नव्हतं. मग मला उताणं झोपवून, गुडघा न वाकवता एक पाय वर उचलला. 30 ते 70 अंशांच्या दरम्यान पायात कळ गेली तर संशय पक्का होतो म्हणे. मी 40 च्या आसपास अशी हाक दिली की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. पुढे टाचांवर चालवलं, मग चवड्यांवर. पायातलं बळ गेलं नाही ना, हे पाहायला.

"काका, ही सायटिका."

साधी कंबरदुखी कंबर धरून बसते. फार तर कुल्ल्यापर्यंत, मांडीपर्यंत येते. सायटिकेत मात्र बहुधा एकच पाय धरला जातो, कळ गुडघ्याखाली जाते, सोबत मुंग्या किंवा बधिरपणा असतो आणि कमरेपेक्षा पायच जास्त छळतो. कमरेची शेवटची दोन आणि त्रिकास्थीची पहिली तीन मुळं एकत्र येऊन शरीरातली सर्वांत जाड नस बनते. सरकलेल्या चकतीने त्यातलं एखादं मूळ दाबलं की ओरडतो पाय.

"पण दुखणं खाली उतरत होतं!" मी म्हणालो.

"उतरत नव्हतं, पसरत होतं. पाय सुटून कंबर पुन्हा दुखायला लागली, की पेढे वाटा."

हे खरं आहे. 1956 साली न्यूझीलंडमधल्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टचा एक पेशंट, डोक्याकडची बाजू चुकून वर राहिलेल्या टेबलावर पालथा पडून राहिला, आणि उठला तेव्हा पायातली कळ गेलेली. पालथं झोपून पाठ मागे वाकवण्याचा त्यांचा व्यायाम तिथून आला. तो सगळ्यांना चालत नाही, काहींचा पाय उलट जास्त दुखतो. म्हणून आधी फिजिओथेरपिस्टला विचारायचं.

मी एमआरआयचा हट्ट धरला. एवढं सोसल्यावर दाखवायला फिल्म तरी हवी. पण बळ शाबूत असताना सुरुवातीलाच त्याची गरज नसते, आणि काहीही न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या चकत्याही फुगलेल्या दिसतात, असं ऐकवून बाईंनी माझ्या आजाराची शान घालवली. वर अंथरूण काढून घेतलं. गोळ्या थोडे दिवस, शेक हवा तर, आणि चालणं रोज. बहुतेकांना सहा आठवड्यांत बराच आराम पडतो, पण झोपून राहिल्याने नव्हे. बायकोने ही शेवटची ओळ मोठ्याने वाचली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

पुढे पाय सुटला, कंबर दुखू लागली, मी खरोखर पेढे वाटले. इमारतीत समजूत अशी झाली की लाथेचा गुण संपला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा बूट घालून दारात हजर.

तुमच्या घरी पायाळू असेल तर त्याला जरूर क्रिकेट खेळू द्या. पण लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडून फरफटू लागलं किंवा दोन्ही पायांतलं बळ जाऊ लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा. तिथे उशीर झाला तर गेलेलं सगळं परत येईलच असं नसतं.