अनामत कोणी भरायची?

पदवीधर नोकऱ्या शोधतायत असं म्हणतात, पण व्हॉट्सॲपवर उलटंच चित्र आहे. तिथे नोकऱ्याच माणसं शोधत फिरतात. ‘घरबसल्या कस्टमर केअर. दहावी पास चालेल, अनुभव नको, महिलांना प्राधान्य, महिना ३५ हजार.’ मुलाखत नाही, परीक्षा नाही, फक्त ‘हाय’ पाठवा. अर्ध्या तासात नेमणूकपत्र हजर. त्यावर एका बड्या कंपनीचा लोगो, जरासा ताणलेला. खाली गोल शिक्का. आणि मग एचआर मॅडमचा मेसेज : लॅपटॉपचं डिपॉझिट फक्त २,४९९ रुपये, पहिल्या पगारात परत.

या मॅडम बोलतात फार गोड. रात्री अकराला विचारा, दोन मिनिटांत उत्तर. ‘ताई, पेमेंटला काही अडचण येतेय का?’ बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावून एक दाबा, दोन दाबा, मग पंधरा मिनिटं बासरी ऐका, अशी सवय झालेल्या माणसाला हा आपलेपणा भुलवणारच. मनापासून ग्राहकसेवा देणारे या देशात सध्या एवढेच लोक उरलेत.

आता त्या डिपॉझिटची गंमत. दूरसंचार खात्याच्या २००८ सालच्या नियमांप्रमाणे कॉल सेंटरला आपल्या माणसाला घरून काम करू द्यायचं असेल, तर सरकारकडे १ कोटी रुपयांची बँक हमी ठेवावी लागे. अर्थातच कुणी त्या वाटेला फारसं जाईना. मार्च २०२०मध्ये करोना आला, अनामतीला तात्पुरती सूट मिळाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात खात्याने नियमच सैल केले आणि हमीचा जाच संपला. म्हणजे अनामत होती तेव्हाही ती कंपनीने भरायची होती, अर्जदाराने नव्हे. सरकारने बंद केलेली ही प्रथा भामट्यांनी तेवढी जिवंत ठेवली, फक्त भरणारा बदलला.

खरी नोकरी अशी लाडात येत नाही. ती आधी तुमच्यावर संशय घेते. ऑनलाइन चाचणीत तुमचं बोलणं ऐकते, टायपिंग मोजते. मग ऑपरेशन्सचा कुणी साहेब व्हिडिओवर येतो आणि म्हणतो, मी चिडलेला ग्राहक आहे, माझं पार्सल आलेलं नाही, बोला. त्यातून निभावलात तर इंटरनेटच्या वेगाचा पुरावा, आधीच्या नोकरीची कागदपत्रं, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. शिवाय दार लावता येईल अशी खोली हवी. डोंबिवलीच्या वन बीएचकेत सासरे टीव्हीवर बातम्या लावून बसलेत, आत कुकर शिट्ट्या मारतोय, आणि हेडसेटमध्ये बंगळुरूचा ग्राहक रिफंड मागतोय. त्यात प्रत्येक कॉल किती मिनिटांत संपला याचा हिशेब. रात्रपाळी, फिरती सुट्टी. आणि हे सगळं करून नवख्याच्या हातात पडतात पंधरा-वीस हजारांच्या आसपास, तेही पीएफ कापून. काही कंपन्या स्वतःचा संगणक वापरायला सांगतात, हेही खरं. पण तो आमच्याकडूनच विकत घ्या, असं म्हणत नाहीत.

शहाणे लोक सांगतात, कंपनीची नोंदणी तपासा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती दिसतेही. पण भामटा नाव खऱ्याच कंपनीचं उसनं घेतो, त्यामुळे नोंदणी सापडली म्हणून हुरळण्यात अर्थ नाही. मेसेजमधल्या लिंकवर न जाता कंपनीचं संकेतस्थळ स्वतः उघडा आणि ती जागा करिअरच्या पानावर आहे का बघा. पत्र ज्या ईमेलवरून आलंय तो पत्ता कंपनीचा आहे की फुकटातल्या जीमेलचा, तेही बघा.

पैसे मागणारा तरी परवडला. पैसे देणारा जास्त वाईट. ‘ग्राहकांचे रिफंड तुमच्या खात्यात येतील, पुढे पाठवायचे, दोन टक्के तुमचे.’ हे पैसे दुसऱ्या कुणाचे तरी लुटलेले असतात. मग एके दिवशी खातं गोठतं आणि परराज्यातल्या पोलिसांचा फोन येतो. तोवर तुम्ही फसलेले उरलेले नसता, साखळीतला एक दुवा झालेले असता.

अशी बातमी आली की कट्ट्यावरचा निकाल ठरलेला : लोभ नडला. कसला लोभ? तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेली आई सोडून बाहेर पडता येत नाही, म्हणून आठ तास शिव्या खाऊन महिन्याकाठी काही हजार मागणं हा लोभ असेल, तर आपल्या निम्म्या नोकरदारांना लोभीच म्हणावं लागेल. ‘महिलांना प्राधान्य’ ही ओळ जाहिरातीत उगाच नसते. कुणाची गरज मोठी आणि चौकशी करायला हाताशी माणूस नाही, हे भामट्याला नीट ठाऊक असतं.

पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. आणि हा नंबर इथूनच उतरवून घ्या, इंटरनेटवर शोधायला जाऊ नका. तिथे हेल्पलाइन म्हणून खोटे कस्टमर केअर नंबर पेरणारे आधीच बसलेत, आणि ते फोन पहिल्या रिंगला उचलतात.