कॅसेट भांडते, कार्ड हसते

लग्नाच्या मांडवात कॅमेरामनचा रुबाब काही औरच असतो. भटजींना ‘गुरुजी, एक मिनिट’ म्हणून थांबवणारा, नवरदेवाला तोच हार पुन्हा घालायला लावणारा आणि मुलीच्या मामांना ‘काका, जरा मागं सरका’ असं बिनदिक्कत सांगणारा त्या गर्दीत तो एकटाच. पण त्यानं टिपलेलं लग्न कॅमेऱ्यातून काढून कॉम्प्युटरात उतरवणारा जो मिक्सिंगवाला, त्याला कुणी बघितलेलंही नसतं. तो कुठल्याशा दुकानाच्या पोटमाळ्यावर एसी लावून बसलेला असतो, आणि लग्नातली उरलीसुरली विघ्नं त्याच्याकडे येऊन पोचतात. मांडवातल्या विघ्नांसाठी आधी गणपतीपुढे सुपारी ठेवलेली असते. पोटमाळ्यावरच्या विघ्नांसाठी कुणी काही ठेवत नाही.

माझ्या एका मित्राचा हा धंदा आहे. त्याच्याकडे जाऊन बसायला मला आवडतं, कारण तिथे आपल्याला काही कळत नसलं तरी चालतं. उलट त्याला बरंच वाटतं. त्याचं एक लाडकं मत आहे. कॅसेट तोंडावर भांडायची, कार्ड गोड हसून दगा देतं. हे मत मी आधी म्हाताऱ्या मास्तरांच्या ‘आमच्या वेळी’च्या चालीवर घेतलं होतं. हळूहळू पटत गेलं.

कॅसेटचा जमाना म्हणजे मिनी डीव्हीचा. १९९५ साली डीव्ही आलं आणि पुढे आपल्याकडच्या लग्नांत खांद्यावरचा पॅनासोनिक एमडी १०००० आणि हातातला सोनी पीडी १७० असे दोन मानकरी दिसू लागले. काडेपेटीहून थोडी मोठी ती कॅसेट, तिच्यात पाव इंच रुंदीची फीत, आणि त्या फितीवर तासाभराचं लग्न. ते कॉम्प्युटरात घ्यायचं तर फायरवायरची केबल जोडायची आणि कॅसेट चालू करून बसायचं. एक तासाच्या लग्नाला एक तास. घाई नाही, सवलत नाही. हार्डडिस्कवर १३ जीबी जागा जायची, आणि त्या काळी १३ जीबी म्हणजे माणूस विचारात पडायचा.

केबल जोडली तरी कॉम्प्युटर कॅमेऱ्याला ओळख देईलच असं नव्हतं. सॉफ्टवेअर म्हणायचं, डिव्हाइस ऑफलाइन. मग केबल काढायची, फुंकर मारायची, पुन्हा लावायची. टुंग आवाज आला की जीव भांड्यात. कॅमेऱ्याच्या बाजूची ती चार पिनांची खोबण इतकी नाजूक, की केबलला कुणाचा धक्का लागला तर सप्तपदीची पाचच पावलं व्हायची. कॉम्प्युटरच्या बाजूला सहा पिना, त्यातल्या दोन विजेच्या. अंधारात, घाईत, उलटी दाबून बसवली की पोर्टच जळायचं. म्हणून जाणते लोक आधी दोन्ही यंत्रं बंद करायचे, मग केबल लावायचे.

आणखी एक गंमत असायची. कॅमेऱ्याचं बटण व्हीसीआरवर न ठेवता कॅमेरावरच राहिलं, तर केबलमधून कॅसेट येतच नाही, समोरचं दृश्य येतं. नवा पोऱ्या ‘रेकॉर्ड’ दाबून चहाला जायचा आणि परत येऊन पाहावं तर तासभर पोटमाळ्याची भिंत, मध्येच डोकावलेला मालक आणि कॅलेंडरवरची लक्ष्मी. आवाजासकट.

पण हे सगळं समोर घडायचं, यावर मित्राचा भर. कॅसेट बिघडली की पडद्यावर चौकोन उडायचे, आवाज किंचाळायचा. काटकसरी कॅमेरामननं ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं बसवण्यासाठी एलपी मोड लावलेला असला, तर दुसऱ्या कॅमेऱ्यात ती कॅसेट बऱ्याचदा अशी फुटायची की वधू कोण आणि वर कोण कळू नये. शूटिंगच्या मध्येच करवलीला ‘बघू बघू, कशी दिसते मी’ म्हणून कॅसेट मागं नेऊन दाखवली आणि परत आणताना थोडी जास्त पुढं गेली, तर मध्ये कोरी फीत राहायची आणि टाइमकोड पुन्हा शून्यापासून सुरू व्हायचा. एका कॅसेटवर दोन शून्यं. कॉम्प्युटरला सांगावं बारा मिनिटांपासून घे, तर तो कुठली बारा मिनिटं ते शोधत मागे-पुढे धावत बसायचा. करवली तोवर सासरी नांदत असायची.

कॅसेटवर खोटा आळही यायचा. एका लग्नाचं कॅप्चरिंग दरवेळी वीसएक मिनिटांनी, बरोबर कन्यादानापाशी थांबत होतं. हेड क्लीनरची कॅसेट फिरवून झाली, केबल बदलून झाली, मुलीच्या वडिलांच्या डोळ्यांतलं पाणी फितीवर उतरलंय की काय इथवर चर्चा गेली. शेवटी कळलं की बाहेरची हार्डडिस्क फॅट ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेली होती. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, आणि डीव्हीचे ४ जीबी म्हणजे साधारण तेवढीच मिनिटं. कन्यादानाचा काही संबंध नव्हता, पण तेव्हापासून तिथे कन्यादान आलं की सगळे जरा सावरून बसतात.

मग कार्ड आलं. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासोनिकनं मिळून एव्हीसीएचडी जाहीर केलं आणि थोड्याच वर्षांत फीत गेली. तासाचं काम काही मिनिटांवर आलं. कार्ड खोचा, कॉपी करा, संपलं. इथूनच मित्राचा आवाज बदलतो.

कार्ड उघडलं की आत प्रायव्हेट नावाचं फोल्डर, त्यात दुसरं, त्यात तिसरं, आणि शेवटी स्ट्रीम नावाच्या फोल्डरात एमटीएस फायली. बाकीच्या फोल्डरांत बारक्या बारक्या, काही केबीच्या फायली. चुलतभाऊ नावाचा जो प्राणी प्रत्येक लग्नात असतो आणि ज्याला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, तो काय करतो? मोठ्या फायली उचलतो आणि बारक्या कचरा म्हणून ठेवून देतो. सॉफ्टवेअर त्या मोठ्या फायली हसत हसत घेतं. चित्र सुरेख, आवाज सुरेख, सगळे खूश.

आता कॅमेऱ्यानं लांबलेला शॉट एका फाइलीत ठेवलेला नसतो. २ किंवा ४ जीबी भरले की तो पुढची फाइल उघडतो. कुठली फाइल कुठल्या फाइलीला कशी जोडायची, हे त्या बारक्या फायलींत लिहिलेलं. त्या नसल्या की एडिटिंगमध्ये दोन तुकडे शेजारी ठेवले तरी सांध्यावर काही फ्रेमचा आवाज गळतो. आणि लांब शॉट लग्नात कुठला? मंगलाष्टकांचा. तेव्हा ऐन ‘सावधान’ला पाऊण हॉल तोंड उघडून उभा, अक्षता हवेत, आणि आवाज गप्प. हे लक्षात येतं पेनड्राइव्ह पाहुण्यांपुढे लावल्यावर. तोवर कार्ड फॉरमॅट होऊन दुसऱ्या लग्नाला गेलेलं असतं. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्तांची रांग लागते, कार्डांना उसंत कुठली?

पी२ कार्डाची तऱ्हा आणखी निराळी. त्यात चित्र एका फोल्डरात, आवाज दुसऱ्यात. फक्त व्हिडिओचं फोल्डर उचलणाऱ्याला मूक लग्न मिळतं. मित्र म्हणतो, सासू-सुनेच्या दृष्टीनं हे उत्तम. मी हसलो नाही, कारण वहिनी चहा घेऊन वर येत होत्या.

सगळ्यात वाईट गुण म्हणजे व्यवस्थितपणा. एखादा नीटनेटका मुलगा फायलींची नावं बदलतो: हळद, सीमांतपूजन, कानपिळी. नाव बदललं की बारक्या फायलींना ती मोठी फाइल सापडत नाही. दुसरा मुलगा दोन कार्डं एकाच फोल्डरात ओततो. फॉरमॅट केलेलं प्रत्येक कार्ड ०००००पासूनच आकडे घालतं, म्हणून कॉम्प्युटर अदबीनं विचारतो, याच नावाची फाइल आहे, बदलू का? मुलगा ‘येस टू ऑल’ दाबतो आणि हळदीच्या जागी रिसेप्शन बसतं. कॉम्प्युटरनं विचारलं होतं, हे नंतर सिद्धही करता येतं. कॅसेटनं असलं काही विचारलं नसतं, ती खोबणीत अडकून बसली असती.

मग अमेरिकेहून आलेला भाऊ. त्याचा कॅमेरा सेकंदाला २९.९७ फ्रेम घेणारा, आपलं सगळं २५ चं. दोन्ही एका टाइमलाइनवर घातले की वरात अडखळत चालते. शिवाय तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची, त्यामुळे त्या कॅमेऱ्यात मंगल कार्यालयाच्या ट्यूबलाइटी लुकलुकतात. पाहुण्यांना वाटतं, लाइटिंग केलंय.

आता फोर के आहे, एच.२६५ आहे. फायली लहान, पण उघडल्या की कॉम्प्युटरला घाम फुटतो. त्यावर तोडगा प्रॉक्सीचा, म्हणजे हलक्या नकलांवर काम करायचं आणि शेवटी मूळ फायली लावायच्या. यावर मित्र फार बोलत नाही. तो सध्या उलट्या दिशेनं निघाला आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लग्न झालेली जोडपी कपाटातून मिनी डीव्ही घेऊन येतात, नि नव्या कॉम्प्युटरला फायरवायरची खोबणच नसते. मॅकवाले थंडरबोल्ट तीनला दोनचा ॲडॉप्टर, त्याला फायरवायरचा, त्याला चार पिनांची केबल अशी माळ ओवत होते. २०२५ च्या मॅकओएस टाहोनं फायरवायरच काढून टाकलं. मित्रानं एक जुना विंडोज डबा इंटरनेटपासून दूर ठेवला आहे. त्याला कुणी अपडेट करू नये म्हणून वर चिठ्ठी चिकटवली आहे.

परवा असंच एक जोडपं आलं होतं. कॅसेटला तास लागतो म्हटल्यावर दोघं स्टुलांवर बसून आपलंच लग्न बघू लागली. काका मध्येच ‘तेव्हा केस होते बघा’ वगैरे म्हणत होते. अर्ध्या तासानं काकूंनी हात वर केला.

“थांबवा हो. त्या हिरव्या साडीतल्या बाई कोण? मगाचपासून यांच्या मागेमागे आहेत.”

“काकू, मध्ये थांबवलं तर दोन फायली होतील,” मित्र म्हणाला.

“होऊ देत चार,” काकू म्हणाल्या. “अहो, तुम्ही सांगा, कोण ती?”