मालक तोच, परवाना परका

कॅलिफोर्नियात एकट्याच्या नावावर धंदा करणारा ठेकेदार वारला, की त्याचा परवानाही मागोमाग जातो. घरच्यांनी डोळे पुसून 90 दिवसांत काँट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाकडे तो चालू ठेवण्याचा अर्ज करायचा. नाहीतर अर्धवट भिंत अर्धवटच.

हयात असलेल्यांचीही सुटका नाही. ट्रक तोच, फावडी तीच, मालकही तोच. पण त्याने धंद्याची कंपनी केली, की सरकारदरबारी तो नवखा. पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. दोघांच्या भागीदारीतून एक बाहेर पडला, तर भागीदारीचा परवानाच रद्द. हातातली कामं उरकण्यापुरती सवलत मिळते, पण ती मागावी लागते.

खरी गंमत ‘पात्र व्यक्ती’ची. अनुभव आणि परीक्षा तिची, परवाना कंपनीचा. ती सोडून गेली, तर 90 दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर निलंबन! मग एखादे अनुभवी गृहस्थ दरमहा पाकिटावर कागदोपत्री उभे केले जातात. कायदाही काही दुधखुळा नाही. पगारी पात्र कर्मचाऱ्याने आठवड्याला 32 तास किंवा कामकाजाच्या 80 टक्के वेळ, यांतलं जे कमी असेल तेवढं, हजर असलंच पाहिजे, असं तो बजावतो.

आणि परवान्याविना स्वयंपाकघर बांधून दिलं, तर घरमालक दिलेले सगळे पैसे कोर्टातून परत मागू शकतो. ओटा मात्र त्याच्याकडेच राहतो.