एकादशीसाठी ब्राझील

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं एका फटक्यात सांगून मोकळी होणारी आपली भाषा. पण म्हण तिच्या जागी आणि आपण आपल्या जागी. जेवणं झाली, सुपारी फिरली, की मराठी बैठकीत पानिपत नव्यानं लढलं जातं आणि हमखास जिंकलंही जातं. भाऊसाहेब अंबारीतून उतरले नसते तर. यात्रेकरू आणि बाजारबुणगे बरोबर घेतले नसते तर. विश्वासरावांना लागलेली गोळी तर दर पिढीनं चार बोटं अलीकडे-पलीकडे सरकवून ठेवली आहे. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ती चुकवली, पण निदान त्यासाठी भौतिकशास्त्र कामाला लावलं. बाकीच्यांचं सुपारीवर भागतं.

ही खोड आपल्यापुरती नाही. दोन हजार वर्षांपूर्वी लिव्ही नावाच्या रोमन इतिहासकारानं, सिकंदर पूर्वेऐवजी पश्चिमेला वळला असता तर काय झालं असतं, याचा रीतसर ऊहापोह केला आणि रोम जिंकलं असतं असा निर्णय दिला. रोमच्या माणसानं रोमबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं दुसरं उत्तर येणार तरी कुठून?

बैठकीतल्या जर-तरला एक मोठी सोय असते. तिथं हिशेब कोणी मागत नाही. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतला यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आडवा बसला. त्यानंतर आपल्या छावणीतल्या माणसांना आणि जनावरांना दाणावैरण कुठून मिळणार होती, हे सुपारी कातरणाऱ्याला कोणी विचारत नाही. गोळी चुकली, झालं. पोट कोणाचं भरलं, हा तपशील.

हिशेब मागणारा श्रोता मला संगणकात भेटला. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत ११ नोव्हेंबर १४४४ रोजी, म्हणजे वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी, जगातलं कुठलंही एक राज्य तुमच्या हाती येतं आणि १८२१ उजाडेपर्यंत तुमच्याकडे राहतं. कर, कर्ज, लग्नं, बंडं, वारसदार, सगळं सांभाळायचं. आकाशात धूमकेतू दिसला तर राज्याचं स्थैर्य एका अंकानं घसरतं, आणि त्यावर उपाय काहीही नाही. खरी गंमत पुढेच आहे. या खेळाची आतडी बरीचशी साध्या मजकुराच्या फायलींत ठेवलेली आहेत. नोटपॅड उघडता येणारा कोणीही त्यांत आपल्या मनचा इतिहास घुसवू शकतो. त्याला मॉड म्हणतात. मात्र घुसवताना लिहून द्यावं लागतं की ही घटना कोणाच्या राज्यात घडेल, कोणती अट पुरी झाल्यावर, साधारण किती महिन्यांनी, राजापुढे पर्याय कोणते आणि प्रत्येकाची किंमत किती. तुम्ही कितीही बाष्कळ थाप मारा, संगणक गंभीर चेहऱ्यानं विचारतो, ‘बरं, आणि पैसे कोण देणार?’

अशा थापांना या मंडळींच्या घरातच मान आहे. हा खेळ काढणाऱ्या स्टॉकहोमच्या पॅराडॉक्सनं २०१२ साली आपल्या ‘क्रुसेडर किंग्ज २’ या मध्ययुगीन खेळाला एक जोड विकायला काढली. तिच्यात अॅझ्टेक लोक जहाजं भरून पश्चिमेकडून येतात आणि युरोपावर चालून जातात. कोणा बर्गंडीच्या सरदाराची आजी दोन वर्षं आधी वारली म्हणून जीव टाकणारे खेळाडू त्यावर चांगलेच खवळले. त्याच खेळात चळलेला राजा आपल्या घोड्याला मंत्री नेमू शकतो. हे ऐकून हसू येतं, पण कॅलिग्युला बादशहाच्या मनात आपल्या घोड्याला कॉन्सल करायचं होतं, असं स्वेटोनियस लिहून गेला आहे. सगळ्यात चावट वाटणाऱ्या कल्पनेलाच सगळ्यात जुनी वहिवाट निघते. साधा इतिहास लिहिणाऱ्याला एखादी तारीख चुकली तर खपून जाते. विनोद करणाऱ्याला बाकीच्या सगळ्या तारखा बरोबर ठेवाव्या लागतात, नाहीतर चूक कुठली आणि विनोद कुठला हेच कळत नाही.

मी मॉड लिहायला बसलो तेव्हा थोर पुरुषांना हात लावायचा नाही, हा नियम पहिल्यांदा घालून घेतला. माझ्या घराच्या खिडक्यांना काचा आहेत. तेव्हा विषय असा हवा होता की ज्यावरून कोणाच्या भावना दुखावणार नाहीत. मी साबुदाण्याची खिचडी निवडली.

त्याआधी आत्याकडे चौकशी केली. आत्या महिन्याच्या दोन्ही एकादश्या करते, शिवाय संकष्टी, शिवाय श्रावणी सोमवार. या विषयात तिच्यावर अधिकारी व्यक्ती आमच्या घराण्यात नाही.

“आत्या, १४४४ साली लोक एकादशीला काय खात असतील गं?”

“खिचडी. दुसरं काय खाणार?”

“नाही ना! साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो ब्राझीलकडचा. दाणे दक्षिण अमेरिकेतले, मिरची मेक्सिकोची आणि बटाटा पेरूचा.”

“पेरूचा बटाटा कसा होईल?”

“देश आहे तो, आत्या. आणि पेरूसुद्धा तिकडचाच.”

“रताळं?”

“तिकडचं.”

“राजगिरा तरी?”

“तोही.”

आत्यानं हातातली जपमाळ डबीत ठेवली. “म्हणजे ज्वारीची भाकरी खाल्ली तर माझा उपास मोडतो, आणि हे सगळं अमेरिकेचं खाल्लं की पुण्य लागतं?” मी म्हटलं, “तूप आपलंच आहे.” त्यावर तिनं जे पाहिलं ते पाहणं बरं नव्हतं. मग जरा वेळानं तिला आठवलं की तिच्या आजीच्या उपासाच्या ताटात खिचडी नसायचीच. वरीचे तांदूळ, शिंगाड्याची लापशी, उकडलेलं सुरण आणि ताक. “आणि आजी चांगली नव्वदीपर्यंत चालती-फिरती होती,” असं ती म्हणाली, ते मला उद्देशून होतं असं वाटतं.

आत्याची आजी बरोबर होती. कंदाचा साबुदाणा करण्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या आसपास निघाले ते १९४० च्या दशकात. माझा खेळ संपतो १८२१ ला. म्हणजे मला खिचडी शंभराहून अधिक वर्षं अलीकडे ओढायची होती, आणि तीही समुद्रापलीकडून. पर्यायी इतिहासाला याहून सात्त्विक कारण कुणाकडे असेल तर दाखवावं.

सुरुवात बागलाणच्या बागुल राजांपासून केली. मुल्हेर-साल्हेरच्या बाजूला त्यांचं छोटंसं राज्य. एका बाजूला गुजरातचे सुलतान, दुसऱ्या बाजूला खानदेशचे, खाली बहमनी. अशा राजाच्या दरबारात एक दिवस घटना घडते: राणीसाहेबांची एकादशी आहे आणि ताटात तेच ते. पर्याय पहिला, नवं उपासाचं अन्न शोधायला गलबतं पाठवा. दुसरा, पुढच्या एकादशीला बघू म्हणा आणि स्थैर्याचा एक अंक घालवा. पोर्तुगालच्या काब्रालला १५०० साली कालिकतला येता येता ब्राझील लागला. माझ्या दर्यावर्दींना ब्राझीलकडे जाता जाता पोर्तुगाल आडवा येणार, एवढाच फरक.

फरक एवढाच निघाला असता तर बरं होतं. या खेळात व्यापाराच्या वाटा बाणांनी आखलेल्या आहेत आणि बाणांची दिशा बदलत नाही. मालाचे ओघ जगभरातून निघतात आणि शेवटी व्हेनिस, जेनोआ किंवा इंग्लिश खाडीत जाऊन थांबतात. हिंदुस्थानातून युरोपकडे वाट आहे, ब्राझीलकडूनही युरोपकडे आहे. ब्राझीलहून मुल्हेरकडे येणारी वाट नाही. मी ब्राझील घेतला, कंद लावले, पीक काढलं, आणि माझा साबुदाणा निघाला लंडनला. तिथं त्याचं काय करणार ते? धूमकेतू, अॅझ्टेक, मंत्री झालेला घोडा, या सगळ्यांपेक्षा हे बाण मला जास्त खटकले. घोडा थट्टेत आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाण मात्र गंभीरपणे काढलेले असतात. शेवटी मी व्यापाराचा नाद सोडला आणि साबुदाणा घटनेतूनच थेट राजवाड्याच्या कोठीत उतरवला. आकाशवाणीसारखा. खेळानं पैसे मात्र मोजून घेतले.

दुसरी अडचण अंतराची. वसाहत करायला मर्यादा असते; कोकणातून उठून एका दमात अटलांटिक गाठता येत नाही. मध्ये मुक्काम हवेत. म्हणून वाटेत मॉरिशसला माणसं उतरवली आणि गंमत म्हणून तिथं गणपती बसवला. मग खऱ्या इतिहासात डोकावलो तर १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर कंत्राटी मजूर म्हणून जी माणसं हिंदुस्थानातून तिथं नेली गेली त्यांत कोकणातलीही होती. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मी थाप म्हणून मारलेली गोष्ट आधीच घडून गेली होती, राजाच्या गलबतातून नव्हे, मळेवाल्याच्या करारावर अंगठे उठवून. तिथला विनोदी मजकूर मी काढून टाकला. गणपती ठेवला.

पंचांगाचं तर विचारूच नका. खेळाला तिथी माहीत नाही. त्याच्या वर्षात २९ फेब्रुवारीसुद्धा नसतो, तिथं अधिक महिना कुठून आणायचा? आत्याचं म्हणणं पडलं की अधिकातल्या एकादशीचं पुण्य जास्त, तेव्हा लाभही जास्त हवा. देवनागरीही त्याला उमटवता येत नाही. मराठीत ‘एकादशी’ लिहिलं की प्रश्नचिन्हांची रांग लागते. आत्या म्हणाली, उपास करणाऱ्यालाही सकाळी दहाच्या सुमारास असंच दिसतं.

आणि भावना दुखावल्याच. चार मित्रांना खेळून बघायला दिलं, तर समुद्र ओलांडण्यावरून कोणाचं काही म्हणणं नव्हतं. भांडण लागलं बटाट्यावरून. खिचडीत बटाटा घालतच नाहीत, असं दोघांचं मत. तिसरा म्हणाला की बटाटा नसेल तर अँडीज पर्वतापर्यंत मोहीम नेण्याचं कारणच उरत नाही. चौथ्यानं जिरं आणि कोथिंबीर उपासाला चालते का, हा प्रश्न काढला आणि त्या रात्री खेळ पुढे गेला नाही. माझा भाचा अशा वादात पडत नाही. त्यानं फाईल उघडून ‘फक्त मराठी राज्यांसाठी’ ही अट तेवढी पुसली. झालं! चीनचा मिंग सम्राट, उस्मानी सुलतान आणि रोमचे पोप, तिघांच्याही दारात एकादशी जाऊन उभी राहिली. पोपनी गलबतं पाठवायचं ठरवलं. सुलतान म्हणाला, पुढच्या एकादशीला बघू.

अट मी परत घातली, आणि आत्याच्या आग्रहाखातर तिसरा पर्याय दिला: वरीचे तांदूळ खा. खर्च शून्य, स्थैर्य एक अंकानं वर. संगणकानं स्वतः राज्य चालवताना कुठल्या पर्यायाकडे किती झुकावं, याचा एक आकडा द्यावा लागतो. तो आत्यानं सांगितला तसा घातला. मग भाच्यानं सगळं जग संगणकाच्या हवाली केलं आणि रात्रभर चालू ठेवलं.

सकाळी पाहिलं तर १८२१ उजाडलेलं. पोर्तुगीज ब्राझीलमध्ये ऊस लावत होते. बहमनी बुडाले होते, विजयनगर फुटलं होतं, दिल्लीवर तीन घराणी येऊन गेली होती. आणि बागलाण जागच्या जागी. एक गलबत बांधलेलं नाही, एक कर्ज काढलेलं नाही. खजिना ओसंडून वाहतोय आणि स्थैर्य अधिक तीन, ज्याच्या वर जाताच येत नाही. पावणेचारशे वर्षं त्यांनी दर वेळी वरीचे तांदूळ निवडले होते.

“मामा, यात काही घडतच नाही,” भाचा वैतागून म्हणाला.

“घडायला कशाला हवं?” आत्या चष्मा पुसत पडद्याजवळ सरकली. “आणि सुरण कुठं आहे यात? सुरण घाल. मूळव्याधीला चांगलं असतं.”

“आत्या, राज्याला मूळव्याध नसते.”

“राज्याला नसेल. घोडदळाला?”

घोडदळाची लढाऊ क्षमता मी दहा टक्क्यांनी वाढवली आहे.